पुठ्ठ्याचे दोन टॅब

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, खोकेवाल्यांचं दुकान आहे. समोर माझं घड्याळदुरुस्तीचं. मधे एक अरुंद बोळ. इतकी वर्षं समोरासमोर बसूनही मी त्यांच्याबद्दल कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, कारण लिहिणं हे माझं काम नव्हे. पण त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या आजारपणातली ही हकिकत मी इतक्या जणांना तोंडी सांगितली आहे, की हल्ली दर वेळी काहीतरी सुटतं नाहीतर पदरचं काहीतरी घातलं जातं. म्हणून एकदा जशी घडली तशी लिहून ठेवतो.

खोकेवाले पुठ्ठ्याची खोकी बनवतात. बुटांची, काचेच्या बाटल्यांची, कधी एखाद्या कारखान्याच्या नव्या मालाची. त्यांच्या धंद्याची एक रीत आहे. नव्या मालाची ऑर्डर आली, की तो माल हाती पडायच्या आधीच, नुसत्या कळवलेल्या मापांवरून, त्या वस्तूची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची. तिला ते डमी म्हणतात. आत लोखंडी वायसर चिकटवून वजनही खऱ्याएवढं भरायचं आणि मग त्या डमीवर खोकं बेतायचं. त्यामुळे त्यांच्या फळीवर कायम पुठ्ठ्याची इस्त्री, पुठ्ठ्याचा कॅमेरा, पुठ्ठ्याचं मिक्सर असं काहीबाही मांडलेलं असायचं. वहिनी गिऱ्हाइकाला सांगायच्या, "आमच्याकडे सगळं मिळेल, फक्त खरं काही मिळणार नाही." नवऱ्याचं नावही त्यांनी डमीसाहेब ठेवलं होतं.

वहिनींनी बोलायचं आणि खोकेवाल्यांनी कापायचं, अशी त्या घराची वाटणी होती. पुढे दुकान, मागे पडदा, पडद्यामागे त्यांची राहायची खोली. गिऱ्हाईक, कागदवाला, वीजबिलवाला, सगळ्यांशी वहिनीच बोलत. खोकेवाल्यांना काही विचारलं की ते आधी पट्टी सरळ करायचे, मग पुठ्ठा तिच्याशी काटकोनात आणायचे आणि मग म्हणायचे, "तिला विचारा." त्यांना वाकडं काही बघवत नाही. माझ्या दुकानात आले तरी बोलता बोलता टेबलावरचा चिमटा टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवतात.

एका सकाळी वहिनी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थांबल्या. वाक्य अर्धं राहिलं आणि त्या स्टुलावरून खाली घसरल्या. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलेलं होतं. एक शब्द तेवढा राहिला. बरं.

"चहा देऊ?"

"बरं."

"की नको?"

"बरं."

"ओतून टाकू मोरीत?"

"बरं."

शेवटचा प्रश्न खोकेवाल्यांनी का विचारला ते मला कळलं. त्यांना बघायचं होतं, की वहिनी रागावतात का. वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं बघितलं, तेही आमच्या दोघांच्या मधे कुठेतरी.

त्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन बसले. चिमटा सरळ केला. मग म्हणाले, "घड्याळवाले, तिला बोलता आलं नाही तरी चालेल मला. मी निभावून नेईन. पण मी बोलतो ते तिला पोचतं की नाही, एवढं कळायला हवं. नाही पोचत असेल तर मी त्या खोलीत एकटाच आहे."

मी चहा मागवला.

वाचा परत यावी म्हणून शिकवायला एक बाई घरी यायच्या. मी मनातल्या मनात त्यांना वाचाबाई म्हणायचो, तेच इथे लिहितो. स्कूटरवरून यायच्या, पायात भडक रंगाचे बूट, पिशवीत चित्रांची कार्डं. टेबलावर कार्डांची ओळ मांडून विचारायच्या, "घड्याळ कुठे आहे? किल्ली दाखवा बरं." वहिनी कधी बरोबर दाखवायच्या, पण बऱ्याचदा डावीकडच्याच एखाद्या कार्डावर बोट ठेवायच्या, ते काहीही असो. बाई खोकेवाल्यांना म्हणाल्या, "समजण्यातही अडचण दिसतेय. पण इतक्यात ठाम सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. दिवसभर बोला. पुढेमागे एक टॅब घेता आला तर बघा. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो."

खोकेवाले अक्षरशः दिवसभर बोलायला लागले. ज्या माणसाकडून एक वाक्य काढायला चिमटा लागायचा, तो आता पडद्याआडून अखंड ऐकू यायचा. "आता मी पुठ्ठा घेतो. हा जाड पुठ्ठा. आता पट्टी घेतली. आता पाऊण इंच सोडतो. का सोडतो? तर घडीसाठी सोडतो." सकाळी दुकान उघडल्यापासून हेच. बोळातून जाणारे थांबून आत डोकवायचे.

आता टॅबचं सांगतो. वहिनींचा धाकटा भाऊ मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. खोकेवाल्यांचा मेहुणा. मनाने फार चांगला, बहिणीवर जीव टाकणारा, पण बाजारात असलेल्या वस्तूबद्दल त्याला काडीची आस्था नाही. जे अजून यायचं आहे, त्यातच त्याचा जीव.

"भावोजी, आत्ता टॅब घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा," तो म्हणाला. "दोन नवे येतायत. दोन मोठ्या कंपन्यांचे. एकमेकींना खाली बघायला लावायचं म्हणून दोघी एकाच वेळी काढणार. थांबा जरा."

"कधी येणार?"

"तारीख कुणी सांगत नाही. पण आतली बातमी आहे."

आतली बातमी म्हणजे त्याच्या फोनवर येणाऱ्या अफवा. त्या दोन कंपन्यांची नावं मला धड घेता येत नाहीत. एक जुनी आणि महागडी, दुसरी तिच्या मागून आलेली. दोघींचं वागणं जावाजावांसारखं. एकीने पातळ केला की दुसरीने त्याहून पातळ करायचा, एकीने पेन दिलं की दुसरीने बोटानेच लिहून दाखवायचं. म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागलो. थोरलीचा टॅब म्हणे आडवा आणि भलामोठा येणार होता, धाकटीचा उभा आणि अरुंद. कुणीतरी कारखान्यातून फोटो पळवला होता. कुणीतरी कव्हरं शिवणाऱ्याकडून मापं काढली होती. कुणाला तर म्हणे विमानात शेजारच्या माणसाच्या हातात दिसला होता.

"मापं कळलीयत?" खोकेवाल्यांनी विचारलं.

एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला आणि मी समजलो, आता डमी होणार.

आधी थोरलीची झाली. पांढरा गुळगुळीत पुठ्ठा, गोल कोपरे, आत वायसर. पडद्याच्या जागी त्यांनी स्वतः चित्रं काढली, वरती चार, खाली चार. पाणी, चहा, अंथरूण, खिडकी, रेडिओ, दिवा, फोन. फोन म्हणजे मेहुणा. स्वतःचा चेहरा काही त्यांना काढता येईना, म्हणून स्वतःच्या जागी त्यांनी एक खोकं काढलं. टॅबच्या कोपऱ्यात वेळ दिसते असं मेहुणा म्हणाला, तेव्हा मी एक बंद पडलेलं छोटं लेडीज घड्याळ आणून तिथे चिकटवलं.

मेहुणा कपाळावर हात मारून म्हणाला, "काट्यांचा टॅब. थोरलीने हा बघितला तर कंपनीला कुलूप लावून घरी जाईल."

अफवा रोज बदलायच्या. सकाळच्या बातमीत टॅब पातळ झाला, की दुपारी खोकेवाले मागचा एक थर सोलून काढायचे. वजन वाढलं की वायसर वाढायचे. वहिनी खुर्चीत बसल्या, की ते डमी त्यांच्या मांडीवर ठेवायचे, खुर्चीच्या बरोब्बर मधोमध, कडा समोरच्या टेबलाला समांतर. वहिनी डाव्या हाताने ती ढकलायच्या. डमी डावीकडे सरकून खाली पडायची. खोकेवाले उचलून पुन्हा मधोमध ठेवायचे. "असं सरळ ठेवायचं गं. हे बघ, असं." वहिनी पुन्हा ढकलायच्या. मीही बसून बघत होतो. मला वाटलं, नकोय त्यांना. खोकेवाल्यांनाही तेच वाटलं असणार, कारण अशा वेळी त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते आणखी भरभर बोलायला लागायचे.

ताटाचंही तसंच. ताट ते अगदी नेमकं समोर मांडायचे आणि वहिनी अर्धंच जेवायच्या. "भूकच मेलीय तिची," ते म्हणायचे. एकदा पाणी आणायला उठले, तेव्हा त्यांचा धक्का लागून ताट फिरलं. परत आले तर वहिनी पुन्हा जेवत होत्या. "आज जरा खाल्लं बरं का," एवढंच ते मला खुशीत येऊन सांगून गेले. ताट त्यांनी लगेच सरळ करून ठेवलं असणार.

धाकटीची मापं उशिरा फुटली. तिचीही डमी झाली. शाळेतल्या पाटीएवढी, उभी, हलकी. चित्रं तीच. पण खोकेवाल्यांचा सगळा भर थोरलीवर. मोठ्या टॅबवर पुढे जास्त चित्रं बसतील, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे रोजचा सराव थोरलीच्या डमीवर आणि धाकटीची डमी वहिनींच्या उशीपाशी नुसती पडलेली. मेहुणा मात्र धाकटीच्या बाजूचा. त्यावरून दोघांची रोज जुंपायची. दोन्ही टॅबपैकी एकही जगात आलेला नव्हता, आणि घरात मात्र त्यांच्यावरून चहा थंड होत होता.

एके दिवशी मेहुणा धापा टाकत आला. पुढच्या आठवड्यात थोरलीचा नवा टॅब दाखवायचा सोहळा ठरला होता, धाकटीचाही लगोलग होणार, अशी पक्की बातमी. म्हणजे आता निकाल लावायला हवा होता. वाचाबाई नुकत्याच येऊन बूट काढत होत्या. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसलेल्या. मी चहा घेऊन आलो होतो, तो हातातच राहिला.

"मोठाच घ्यायचा," खोकेवाले म्हणाले. "उगाच वाद नको."

"मोठा घेऊन करणार काय भावोजी? त्यावर चादर वाळत घालणार?"

"तुझ्या ताईची नजर आधीच कमजोर झालीय. मोठं चित्र लागेल."

"थांबा. तुम्हाला पुरावाच देतो." मेहुण्याने दोन्ही डम्या उचलून खिडकीपाशी उजेडात धरल्या. "ही तुमची थोरली. डावीकडची चारही चित्रं बोटं लागून लागून कळकट झालीयत. आणि हा उजवीकडचा अर्धा भाग बघा. कोरा करकरीत. एक बोट लागलेलं नाही. आता ही माझी धाकटी. वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळी मळलीय. म्हणजे ताईने सगळीच्या सगळी वापरलीय. अहो, ज्या टॅबचा अर्धा पडदा माणूस वापरतच नाही, तो घ्यायचा कशाला? अर्धा वायाच ना?"

"ती कुठे वापरतेय ती? ती नुसती पडून असते उशीपाशी."

"मग मळली कशी? मी चाटली?"

वाचाबाईंच्या एका पायात बूट तसाच होता. त्या तशाच पुढे आल्या. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

मेहुणा चपापला. "नाही, मी धाकटीबद्दल म्हणत होतो. म्हणजे टॅबबद्दल."

"उजवा भाग कोरा आहे म्हणालात."

बाईंनी दोन्ही डम्या घेतल्या आणि निरखून बघितल्या. मग थोरली मेहुण्याकडे परत देऊन वहिनींना विचारलं, "ही तुम्ही कुठे ठेवता हो?" आणि धाकटीची डमी त्यांच्यापुढे धरली. वहिनींनी ती डाव्या हाताने घेतली, पार डाव्या कुशीला ओढली आणि उशीला टेकवून उभी केली. अगदी सराईतपणे. खोकेवाले सवयीने ती मधोमध आणायला पुढे वाकले.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी वहिनींना नाकासमोर बघायला सांगितलं, पिशवीतून पेन काढलं आणि ते उजवीकडून हळूहळू पुढे आणलं. वहिनी नाकासमोरच बघत राहिल्या. पेन नाकाच्या रेषेपाशी आलं आणि त्या एकदम दचकल्या. बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मग त्यांनी आपली कार्डं काढली, पण या वेळी ओळीत न मांडता पलंगावर वहिनींच्या डाव्या बाजूला एकाखाली एक ठेवली.

"घड्याळ कुठे आहे?"

वहिनींनी बोट ठेवलं.

"किल्ली?"

बोट.

"छत्री? कात्री? ज्याने लिहितात ते?"

बोट. बोट. बोट. एकही चुकलं नाही. शेवटी तर बाईंचं विचारून पूर्ण व्हायच्या आत बोट कार्डावर.

बाई पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या आणि हसल्या. "अहो, हे समजण्याचं नव्हतंच. दिसण्याचं आहे. उजव्या बाजूचं त्यांना दिसत नाही. आजारात होतं असं कधी कधी, आणि ते माणसाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही, आणि आलं तरी बोलता येत नसेल तर सांगणार कसं? डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट तपासून घेऊ. पण समजतंय त्यांना. चांगलं समजतंय."

मेहुण्याच्या हातात थोरलीची डमी उलटी धरलेली. खोकेवाले पलंगाजवळ गेले, उजवीकडून, मग थबकले, आणि पलंगाला वळसा घालून डावीकडे आले. खाली बसले.

"अगं," ते म्हणाले, "मी इतके दिवस बोलतोय तुझ्याशी. सकाळ-संध्याकाळ. ते पोचत होतं का तुला?"

वहिनी म्हणाल्या, "बरं."

त्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा ते आम्हाला कळेना. खोकेवाल्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात वहिनींनी धाकटीची डमी जरा पुढे ओढली. एक बोट खोक्यावर ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं, कळलं ना अशा अर्थाने. मग तेच बोट रेडिओवर ठेवलं. ठेवलं आणि तिथेच ठेवून दोनदा आपटलं. मग दिव्यावर ठेवलं, आणि भिंतीवरचं बटण बंद करतात तसं ते बोट हवेत खाली ओढून दाखवलं.

आधी कळलं ते मेहुण्याला. "भावोजी," तो म्हणाला, "ताई म्हणतेय हा रेडिओ बंद करा."

वहिनी म्हणाल्या, "बरं." आणि या वेळी त्या बरंचा अर्थ लहान पोरालाही कळला असता.

खोकेवाले हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पुन्हा हसले, आणि म्हणाले, "पाऊण इंच का सोडतो, तेही ऐकलंस?" वहिनींनी डोळे मिटून मान अशी हलवली, की वाचाबाईंनाही हसू आवरेना. माझ्या हातातला चहा सांडला, तो कुणी पुसला नाही. मी आपला बोळ ओलांडून दुकानात जाऊन बसलो आणि बराच वेळ एकाच घड्याळाचं झाकण उघडत-लावत राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पलंग फिरवून ठेवला, म्हणजे दार वहिनींच्या डावीकडे आलं. ताट खोकेवाले आता डावीकडे सरकवून ठेवतात. पहिले काही दिवस ते ताट वाकडं ठेवून झाल्यावर त्यांचा हात पुन्हा त्याच्याकडे जायचा, आणि वहिनी त्यावर फटका मारायच्या.

थोरलीचा सोहळा झाला. टॅब आडवा नव्हताच. मोठाही नव्हता. धाकटीने तर टॅब काढलाच नाही, भिंतीवर लावायचा टीव्ही काढला. मेहुणा दोन दिवस तोंड लपवून होता. तिसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानाच्या फळीवर पडलेला एक साधा, उभा, गेल्या वर्षीचा टॅब घेऊन आला. "घ्या," तो म्हणाला, "वेडेपणा." खोकेवाल्यांनी त्याला छान खोकं करून दिलं.

वहिनी तो टॅब वापरतात. चित्राला बोट लावलं की त्यातली बाई बोलते. आता वहिनींचे स्वतःचेही काही शब्द परत आलेत. मला बघून "घड्याळ" म्हणतात, भावाला "गप" म्हणतात. पण धाकटीची डमी अजून उशीपाशीच आहे. टॅबमधल्या बाईचा आवाज त्यांना आवडत नसावा, असा माझा अंदाज.

खोकेवाले पुन्हा पूर्वीसारखे गप्प झाले. काम करतात, पट्टी सरळ करतात, आणि काही विचारलं की पडद्याकडे हात करतात. "तिला विचारा." आता ते मोकळेपणाने म्हणतात.

परवा संध्याकाळी मी तिथे बसलो होतो. दुकान आवरून खोकेवाले पलंगाशेजारी स्टुलावर बसलेले, डावीकडे. कुणीच बोलत नव्हतं. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता. वहिनींनी डमी ओढली, खोक्यावर बोट ठेवलं, मग रेडिओवर ठेवलं. दिव्याकडे बोट जाईल म्हणून आम्ही दोघं बघत होतो. ते गेलं नाही. रेडिओवरच राहिलं.

खोकेवाल्यांनी घसा साफ केला. "आज," ते म्हणाले, "एक नवी ऑर्डर आलीय. कसली ते सांगतो."

मी चप्पल घालून निघालो.